येतो म्हणून गेलेली माणसे

घराबाहेर पडताना माणसाने काय म्हणावे, याविषयी आमच्या घरी फार कडक शिस्त होती. ‘जातो’ म्हणायचे नाही, ‘येतो’ म्हणायचे. तोंडातून चुकून ‘जातो’ निसटलाच, तर आजी उंबऱ्यावरून परत बोलावी, पाटावर टेकायला लावी, हातावर दही घाली आणि चांगला खणखणीत ‘येतो’ वदवून घेतल्यावरच सोडी. पुढे मी मराठी शिकवू लागलो, तेव्हा आजीच्या या हट्टामागे आपल्या भाषेचा केवढा जुना संस्कार आहे, ते ध्यानात आले. आपल्याकडे नारळ फोडीत नाहीत, वाढवितात. बांगडी फुटत नाही, वाढते. वाणी रात्री दुकान बंद करीत नाही, वाढवितो. एखादी गोष्ट संपली असे म्हणायचेच नाही, असा या भाषेने जणू पणच केला आहे! दरवर्षी मी हे वर्गात मोठ्या रंगात येऊन सांगतो आणि मुलेही ते इमानाने वहीत उतरून घेतात.

पण याच ‘येतो’ने मला एकदा ऐन दिवाळीच्या तोंडावर चांगलाच घाम फोडला. ती हकीगत सांगायची म्हणजे माझी थोडी फजिती होणार आहे. पण दिवाळी अंकाच्या वाचकांपुढे फजिती सांगायची नाही, तर ती सांगायची तरी कोठे?

गोष्ट २०१२ सालची. मी राहायला पुण्यात आणि नोकरीला एस.टी.ने दीड तासावर असलेल्या एका तालुक्याच्या गावी. मराठीच्या मास्तराला वेळच वेळ असतो, असा एक समज सगळ्या महाविद्यालयांत पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. त्या समजापायी आमच्या प्राचार्यांनी आदल्या वर्षी परीक्षा विभाग माझ्या गळ्यात बांधला होता आणि त्या उन्हाळ्यात प्रवेश समितीही वर चढविली होती. गुणांचे तक्ते, प्रवेशाच्या याद्या, फीचे हिशेब, सारे काही कार्यालयातल्या सर्व्हरवर असे. सर्व्हर हा शब्द ऐकून डोळ्यांपुढे काही भव्य उभे करू नका. आमच्या हेडक्लार्कच्या, म्हणजे भाऊसाहेबांच्या टेबलामागे, फायलींच्या कपाटाच्या आडोशाला एक काळी पेटी रात्रंदिवस घुरघुरत असे. तिच्यावर ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी भाऊसाहेबांनी स्वतः डकवली होती. दसऱ्याला तिला झेंडूची माळ पडे आणि वर्षातून तेवढ्या एका दिवशी तिला माणसाचा हात लागे.

या पेटीपर्यंत घरबसल्या पोचण्याची एक सोय होती. तिला ‘रिमोट डेस्कटॉप’ म्हणतात. विंडोजच्या एक्सपी या २००१ साली आलेल्या आवृत्तीपासून ती आपल्यासारख्यांच्या ओळखीची झाली. घरच्या संगणकावर एक चौकट उघडायची, तिच्यात कॉलेजच्या जोडणीचा पत्ता घालायचा, नाव आणि पासवर्ड सांगायचा, की तिकडचा पडदा इकडे दिसू लागतो. माउस हलतो पुण्यात आणि बाण धावतो साठ किलोमीटरवर. काम सारे तिकडच्या पेटीतच होते. आपल्याकडे येते ते केवळ त्याचे चित्र. हे शेवटचे वाक्य वाचकांनी कृपा करून लक्षात ठेवावे. मी ते ठेवले नव्हते.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन पुढच्या मंगळवारी. कॉलेजला सुट्टी लागून आठवडा होत आला होता. घरात चकलीची भाजणी मळून झाली होती, सोऱ्या पुसून ठेवला होता, आणि मी ‘मदत करतो’ असे नुसते म्हणत स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. अकराच्या सुमारास फोन वाजला.

“सर, मी तुमची तृतीय वर्षाची विद्यार्थिनी,” असे म्हणून त्या मुलीने नाव सांगितले आणि ती थोडा वेळ गप्पच राहिली. मग एका दमात म्हणाली, “माझा निकाल राखून ठेवलाय सर. मराठीच्या अंतर्गत गुणांपुढे गैरहजर लागलंय. पण मी आले होते. तुम्ही मला ओवी आणि अभंग यांतला फरक विचारला होता.”

मला ती लख्ख आठवली. उत्तर तिने चांगले दिले होते आणि वीसांपैकी सतरा गुण मीच तिला दिले होते. विद्यापीठाकडे गुण भरताना एक ओळ माझ्या हातून वगळली गेली असणार. दिवाळी झाली की तिला एका पतसंस्थेत नोकरीवर रुजू व्हायचे होते आणि त्यांना गुणपत्रिका हवी होती. घरात पहिली पगारी नोकरी तिची. हे तिने सांगितले नाही. पाठीमागून तिच्या आईचा आवाज येत होता, त्यावरून मला कळले.

मी विद्यापीठात फोन लावला. तिकडचे गृहस्थ भले होते. म्हणाले, “सही-शिक्क्याचा मूळ तक्ता आज पाचच्या आत मेलने पाठवा, दुरुस्तीच्या यादीत घालतो. पाचनंतर आमची सुट्टी सुरू. मग पुढची यादी एकदम जानेवारीत.”

मूळ तक्ता कार्यालयाच्या कपाटात होता. कार्यालयाला कुलूप होते. किल्ली भाऊसाहेबांकडे आणि भाऊसाहेब कोकणात, त्यांच्या गावी. त्यांचा फोन संपर्कक्षेत्राच्या बाहेर. पण तक्त्याची स्कॅन केलेली प्रत सर्व्हरवर होती. मी सौभाग्यवतीला मोठ्या ऐटीत म्हणालो, “पाच मिनिटांचं काम आहे,” आणि संगणकापुढे बसलो.

चौकट उघडली. पत्ता घातला. वर्तुळ फिरले, फिरले आणि एक इंग्रजी निरोप आला. मी पुन्हा पत्ता घातला. पुन्हा तोच निरोप. मग मी संगणक बंद करून चालू केला. वायर काढून पुन्हा खुपसली. आमच्या ब्रॉडबँडच्या डबीला मागून दोन चापट्या मारल्या. पंख्याचे, रेडिओचे आणि घरातल्या मुलांचे दुखणे काढण्याची जी एक सनातन पद्धत आपल्याकडे आहे, ती सर्व मी करून पाहिली. दोन वाजले. आत चकलीचा पहिला घाणा उतरला होता; त्याचा वास येत होता आणि मला तो सहन होत नव्हता.

शेवटी मी माझ्या एका माजी विद्यार्थ्याला फोन केला. आमचा सर्व्हर मांडून दिला होता तो त्यानेच. त्या वेळी तो बंगळूरला एका कंपनीत असलेच सर्व्हर सांभाळण्याच्या कामावर होता. माझ्या विषयात तो दोनदा नापास झाला होता, ही गोष्ट आम्ही दोघेही बोलण्यात आणीत नसू.

“सर, काय निरोप येतो?”

“अरे, तो आपल्याला आत घ्यायला तयार नाही, असा एकंदर आशय आहे.”

“आशय नको सर. जसंच्या तसं वाचा. अक्षर न् अक्षर.”

मी गप्प झालो. वीस-बावीस वर्षांच्या पोरांना ‘शब्दांना चिकटून राहू नका, आशय पकडा’ असे सांगण्यात माझी नोकरी गेली होती. आता मी शाळकरी मुलासारखा ते इंग्रजी वाक्य मोठ्याने वाचले. दूरच्या संगणकाशी जोडणी होऊ शकत नाही, एवढेच त्यात होते. आत घ्यायला कोणी नकार दिल्याचे कोठेही म्हटले नव्हते. तो माझा भावार्थ!

“म्हणजे दारापर्यंत आपण पोचलोच नाही,” तो म्हणाला. “सर, रस्ता तीन ठिकाणी तुटू शकतो: तुमच्या घरी, वाटेत, नाहीतर तिकडे दारात. कुठे तुटला ते आधी बघू. का तुटला ते मागाहून. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या, तर गुण कशाचा आला ते कळत नाही.”

माझ्या घरच्या संगणकावर बाकीची पाने बिनतक्रार उघडत होती. म्हणजे घर सुटले. मग त्याने मला कॉलेजच्या मामांना फोन करायला लावला. मामा म्हणजे आमचे सर्वांत जुने शिपाई. ते कॉलेजच्या आवारातच राहत. म्हणाले, “लाईट सकाळी गेली होती की सर, पाऊण तास. पण ऑफिसातली पेटी चालू हाय. खिडकीतनं तिचा हिरवा दिवा दिसतोय.”

हे ऐकताच बंगळूरहून हसण्याचा आवाज आला. सर्व्हरला यूपीएसच्या बॅटरीचा आधार होता, पण बाहेरची लाइन घेणारी राउटरची डबी कोणीतरी सरळ भिंतीच्या प्लगात खोचलेली होती. लाइट जाताच ती मेली आणि परत येताच जिवंत झाली. आणि जिवंत होताना कंपनीकडून नवा पत्ता घेऊन आली. आमच्या साध्या जोडणीला कायमचा पत्ता नव्हताच. दर जन्माला नवा. मी तीन तास एका जुन्या, रिकाम्या घराची कडी वाजवीत बसलो होतो.

नवा पत्ता कसा कळावा? संगणक प्रयोगशाळेची किल्ली मामांकडे होती आणि तिथली यंत्रे त्याच लाइनवर होती. मामांनी एक यंत्र चालू केले आणि आपला पत्ता दाखविणारे पान उघडण्यासाठी काय टंकायचे, ते मी एकेक अक्षराने सांगू लागलो. ‘डब्ल्यू’ म्हणजे उलटा ‘एम’, इथून आमची सुरुवात झाली. वीस मिनिटांनी मामा विजयी स्वरात म्हणाले, “आलं! एकशे सतरा, मग अनुस्वार...”

“अनुस्वार नव्हे मामा, टिंब!”

“टिंबच ते. तुमच्याकडंच शिकलो की, अक्षराच्या डोक्यावर असतो तो अनुस्वार. हा खाली पडलाय.”

चार आकडे आणि तीन पडलेले अनुस्वार मी वहीत लिहून घेतले. मग त्या माजी विद्यार्थ्याने मला काळ्या चौकटीत ‘टेलनेट’ असा शब्द, हा नवा पत्ता आणि शेवटी ३३८९ हा आकडा टंकायला लावला. एका संगणकाला कामाकामाची निरनिराळी दारे असतात. त्यांना क्रमांक असतात आणि रिमोट डेस्कटॉपचे ठरलेले दार ३३८९. मी बटण दाबले. चौकटीतली अक्षरे नाहीशी झाली आणि पडदा काळाकुट्ट झाला.

“गेलं रे सगळं!” मी ओरडलो.

“वा सर! काळं झालं म्हणजे दार उघडं आहे. बंद असतं, तर त्यानं तक्रार केली असती.”

असल्या शास्त्रात काळोखाचा अर्थ ‘मार्ग मोकळा’ असा होतो, हे मला नवे होते. मी घाईघाईने पहिली चौकट उघडली, नवा पत्ता घातला, ‘परीक्षा’ हे माझे नाव आणि पासवर्ड दिला. आणि पुन्हा निरोप!

पण या खेपेला मी शहाणा झालो होतो. आशय सांगितला नाही, वाचून दाखविले. परवानगी असलेल्या जोडण्यांची कमाल संख्या ओलांडली गेली आहे, असे तो म्हणत होता.

“छान,” तो म्हणाला. “निरोप बदलला, म्हणजे आपण पुढे सरकलो. आत दोनच खुर्च्या आहेत सर, आणि दोन्हींवर कोणीतरी बसलंय.”

त्याने समजावून सांगितले ते असे. आमच्या सर्व्हरवर विंडोज सर्व्हर २००३ होते. त्यात देखभालीसाठी म्हणून दूरवरून एका वेळी दोघांनाच बसता येई. जास्त माणसांना बसवायचे, तर निराळे परवाने विकत घ्यावे लागत. आमच्या संस्थेने अर्थातच ते घेतले नव्हते. बरे, काम करणाऱ्याने चौकटीच्या कोपऱ्यातली फुली दाबली, की त्याला वाटते आपण उठलो. प्रत्यक्षात बंद होते ते केवळ त्याच्याकडचे चित्र. त्याची बैठक तिकडे जशीच्या तशी मांडलेली राहते: कागद उघडे, टाक दौतीत, दिवा जळता. आणि यंत्र ती खुर्ची अडलेलीच धरते. खरोखर उठायचे असेल, तर ‘लॉग ऑफ’ असे स्पष्ट सांगावे लागते. गेलेल्याची बैठक अमुक वेळाने मोडावी, असा नियम घालून ठेवता येतो. पण कोणी घातला नसेल, तर यंत्र आपणहून ती कधीच मोडीत नाही.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आजी उभी राहिली. म्हणजे फुली दाबणे हा ‘येतो’, आणि लॉग ऑफ हा ‘जातो’! यंत्र बिचारे आमच्या आजीच्या वळणाचे. कोणी ‘येतो’ म्हणून गेला, की त्याचे पान मांडून वाट पाहत बसायचे.

चार वाजून दहा मिनिटे झाली होती. मामा फोनवर होतेच. म्हणाले, “सर, एवढी अडली असंल, तर मी व्हरांड्यातला मेन स्विच खाली ओढतो. बॅटरी संपली, की पेटी आपोआप गप्प होईल. मग लाईट दिली, की पुन्हा ताजी.”

मला ती सूचना एकदम पसंत पडली. खरे सांगायचे तर भाऊसाहेबांवर माझा राग धुमसत होता. किल्ली घेऊन गेले, फोन लागत नाही, आणि आता खुर्चीही त्यांनीच अडवून ठेवली असणार! सगळे एकदम विझवून टाकावे, असे मला वाटले. माणूस घाईत असला, की त्याला मेन स्विचसारखे दुसरे काही सुचत नाही.

“नको सर,” बंगळूरहून ठाम आवाज आला. “आत कोण आहे ते बघितल्याशिवाय नको. दारामागे तिसरी एक खुर्ची असते, देखभाल करणाऱ्याची. तिथून आत शिरू.”

त्याने सांगितले तसे मी ‘रन’ या चौकटीत एमएसटीएससी अशी अक्षरे लिहिली, एक जागा सोडली, तिरकी रेघ ओढली आणि पुढे ‘ॲडमिन’ लिहिले. सर्व्हरच्या मुख्य कारभाऱ्याचा पासवर्ड माझ्या डायरीच्या शेवटच्या पानावर होता, तो घातला. आणि हो, निळा पडदा आला! चार तासांनी कॉलेजचा तो निळा पडदा पाहून मला जे वाटले, ते आमची एस.टी. घाट उतरून पुण्याचे दिवे दिसताना वाटते.

तिथे एका यादीत आत बसलेल्यांची नावे होती. वर ‘कार्यालय’. खाली ‘प्रवेश’. दोघांपुढेही शब्द एकच: जोडणी तुटलेली. म्हणजे दोघेही कधीचेच ‘येतो’ म्हणून निघून गेलेले.

“यातलं एक मोकळं करा,” तो म्हणाला. “पण मोकळं केलं, की त्या बैठकीत जतन न केलेलं जे काय असेल ते जाईल.”

‘कार्यालय’ म्हणजे भाऊसाहेब. मी त्या नावावर बाण नेला. कामांची यादी उघडली. ‘लॉग ऑफ’वर टिचकी मारली. यंत्राने सभ्यपणे विचारले, नक्की ना? बोट बटणावर ठेवले...

“सर, दुसरं नाव कोणाचं आहे?”

“कोणते?”

“खालचं. ‘प्रवेश’. ते कोण वापरतं?”

वाचकहो, त्या क्षणी आमच्या घरात इतकी शांतता पसरली, की आत तेलात पडणाऱ्या चकलीचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, प्राध्यापकांच्या खोलीतल्या संगणकावरून सर्व्हरमध्ये शिरून मी प्रवेश समितीची यादी पाहत होतो. पाच वीसची पुण्याची गाडी गाठायची होती. पाच दहाला मी कोपऱ्यातली फुली दाबली आणि धावत सुटलो. यादीत त्या नावापुढे शेवटच्या हालचालीपासून गेलेला वेळ दिला होता: सहा दिवस.

“मीच,” मी म्हणालो.

तो हसला नाही. एवढ्यासाठी मी त्याला दोन्ही वेळचे नापास माफ केले. म्हणाला, “मग प्रश्न मिटला. तुमचं तुम्ही बंद करा. भाऊसाहेबांच्याला हात लावू नका.”

सहा दिवस मी एका नावाने आत बसून राहिलो होतो आणि दुसऱ्या नावाने बाहेर उभा राहून भाऊसाहेबांना शिव्या देत होतो. मी मला मोकळे केले. खुर्ची रिकामी झाली. ‘परीक्षा’ या नावाने आत गेलो, तक्ता सापडला, चार वाजून बेचाळीस मिनिटांनी मेल गेली आणि पाचला पाच कमी असताना विद्यापीठातल्या त्या भल्या माणसाचे दोन शब्दांचे उत्तर आले. मग मी ‘स्टार्ट’ दाबले, ‘लॉग ऑफ’ शोधले आणि ते अक्षर न् अक्षर वाचून मगच त्यावर टिचकी मारली.

स्वयंपाकघरात गेलो. सौभाग्यवतीने सगळे ऐकले होतेच. ती सोऱ्या फिरवीत म्हणाली, “मी बारा वर्षं सांगतेय, खोलीतून बाहेर पडताना मागे वळून एकदा दिव्याकडे बघत जा म्हणून.” माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी चकली खाल्ली. ती खुसखुशीत झाली होती.

सुट्टी संपून कॉलेज उघडले, तेव्हा मी भाऊसाहेबांना गाठले. मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या, त्यांची भरपाई म्हणून चहा मागविला आणि सहज विचारले, “तुमच्या नावानं आत काही उघडं राहिलं होतं का हो?”

भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. ते म्हणाले, “अहो, मामांचं काम! डिसेंबरअखेर निवृत्त होतायत ना ते. एकतीस वर्षांचं सेवापुस्तक. जुन्या नोंदी कुठं फिक्या झालेल्या, कुठं वाळवीनं खाल्लेल्या. दोन दिवस भिंग घेऊन बसलो आणि तारीख न् तारीख तक्त्यात चढवली. संध्याकाळी गावाहून फोन आला, आई पडली म्हणून. तसाच उठलो. वाटेत जीव नुसता टांगणीला, तो तक्ता राहिला की गेला म्हणून. आल्या आल्या पाहिलं, तर जसाच्या तसा.”

“पण भाऊसाहेब, जतन का नाही केला?”

“ताळा जमला नव्हता अजून,” ते काहीसे दुखावून म्हणाले. “न तपासलेलं जतन कसं करायचं?”

मी चहाचा कप खाली ठेवला. मेन स्विच ओढायला निघालेले मामा माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. मी ‘ओढा’ म्हटले असते, तर त्या माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःची एकतीस वर्षे विझवली असती. आणि नंतर माझा बाणही त्याच नावावर जाऊन थांबला होता. मी हे भाऊसाहेबांना सांगितले नाही. मामांनाही सांगितले नाही. आज येथे प्रथमच सांगतो आहे.

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. ती मुलगी सुट्टीनंतर पेढे घेऊन आली होती. तिला यातले काहीच ठाऊक नाही. विंडोज सर्व्हर २००३ ची कंपनीकडून होणारी देखभाल जुलै २०१५ मध्ये संपली आणि आमची काळी पेटीही भंगारात गेली. पुढच्या आवृत्त्यांत आत जागा नसली, की कोण बसले आहे त्याची यादी दारातच दाखवितात. मेन स्विचपर्यंत मजल जात नाही. ३३८९ चे दार असे सरळ रस्त्यावर उघडे ठेवणेही आता कोणी शहाणा करीत नाही. २०१९ साली या वाटेतले एक भगदाड इतके गंभीर ठरले, की कंपनीने देखभाल संपलेल्या जुन्या आवृत्त्यांसाठीसुद्धा ठिगळे काढली. आता आम्हीही घरून आत शिरतो ते आधी व्हीपीएनच्या बंदिस्त बोळातून. राउटर यूपीएसवर आहे. गेलेल्याची बैठक दोन तासांनी मोडावी, असा नियमही घातला आहे. आणि जोडणी होत नाही असा कोणी नव्या प्राध्यापकाने फोन केला, तर मी विचारतो, “काय लिहिलंय? जसंच्या तसं वाचा.” मराठीच्या माणसाने आशय सोडून अक्षरे धरावीत, याचे त्यांना हसू येते. येऊ द्या.

आजीच्या ‘येतो’वरची माझी श्रद्धा मात्र कमी झालेली नाही. माणसांना ‘येतो’च म्हणावे. पण आपण ज्या खुर्चीवरून उठतो, तिची दुसरा कोणी वाट पाहत असेल, तर तिला ‘जातो’ म्हणण्यात काही अमंगल नाही, एवढे मी त्या शुक्रवारी शिकलो.

मामा निवृत्त झाले, तो ३१ डिसेंबरचा दिवस. दुपारी हार, नारळ, चार भाषणे झाली. संध्याकाळी सगळे पांगल्यावर पाहतो, तो मामा रोजच्यासारखे एकेका वर्गात जाऊन पंखे, दिवे बंद करीत चाललेले. गळ्यातला हार काढून त्यांनी हातावर टाकला होता. शेवटच्या खोलीचे कुलूप ओढून पाहिले, किल्ल्यांचा जुडगा भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवला आणि ते माझ्याकडे वळले.

“येतो सर,” ते म्हणाले.

“या मामा,” मी म्हणालो; आणि माझी गाडी चुकत असूनही प्राध्यापकांच्या खोलीत परत जाऊन संगणक एकदा पाहून आलो.